साडेसात मिनिटांची तालीम

सेवा कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा घड्याळजी एका भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडून बसले होते. उजवा हात कामात होता. डावा मांडीवर होता, चार वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने तो जिथे ठेवला तिथेच. त्यामुळे पाकीट त्यांनी दातांनी फोडलं. आधी पत्राची पुढची बाजू वाचली, मग मागची. मागची अक्षरं इतकी बारीक होती, की ती कुणी वाचू नयेत अशीच छापणाऱ्याची इच्छा असावी. पण ज्याची चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून गेली, त्याच्यापुढे असल्या इच्छा चालत नाहीत.

पुढच्या बाजूला लिहिलं होतं, की घरी मदतनीस मिळणाऱ्यांची दर चार वर्षांनी फेरपाहणी होते. महिन्याच्या शेवटच्या बुधवारी अकरा वाजता तपासनीस येतील आणि तीन कामं करून दाखवावी लागतील: शर्ट घालणं, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसणं आणि एक कप चहा करणं. मागच्या बाजूला खरी गंमत होती. पाच मिनिटांच्या आत काम उरकलं तर माणूस स्वावलंबी, मदतनीस बंद. दहा मिनिटांहून जास्त लागली तर माणूस घरी राहण्याजोगा नाही, निवासी केंद्रात हलवावा. पाच ते दहाच्या मध्ये बसला तर सगळं आहे तसं चालू.

घड्याळजींनी भिंग खाली ठेवलं आणि छताकडे तोंड करून हाक मारली, "अक्का!"

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती वरच्या मजल्यावर राहायची. गुडघे कुरकुरत असल्यामुळे दिवसातून एकदाच उतरायची आणि उतरली की दिवसभराचं बोलून घ्यायची. शाळेत मास्तरीण होती तेव्हा तिने तीस वर्षं मुलांची नाटकं बसवली होती. पत्र ऐकून ती खुर्चीत बसली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "तीन आठवडे आहेत. पुष्कळ झाले. तालीम करू."

"कसली तालीम?"

"तुझी. फार चांगला दिसलास तर पावणेआठ जाईल. फार वाईट दिसलास तर तू जाशील. तेव्हा तुला मधोमध दिसायचंय. आणि मधोमध दिसणं सगळ्यांत अवघड, हे मला राजा आणि भिकारी करणाऱ्या मुलांनी शिकवलंय. प्रधान कुणालाच जमायचा नाही."

पावणेआठ हे मदतनीस बाईंचं नाव. घड्याळजींनीच ठेवलेलं. पहिल्या दिवशी त्या पावणेआठला आल्या, दुसऱ्या दिवशी पावणेआठला आल्या, आणि महिनाभर रोज पावणेआठला आल्यावर घड्याळजींनी जाहीर केलं, की आपल्या उभ्या आयुष्यात इतकं नीट चालणारं दुसरं काही आपण पाहिलेलं नाही, आणि या बाईंना तर किल्लीही द्यावी लागत नाही. त्या दीड तास थांबायच्या. अंघोळ, कपडे, नाश्ता, डाव्या हाताचे व्यायाम. सव्वानऊला दार ओढून पुढच्या घरी जायच्या. त्यानंतर घड्याळजी दिवसभर आपल्या टेबलाचे राजे. टेबलाच्या कडेला त्यांनी एक शिकंजा ठोकून घेतला होता. डाव्या हाताचं काम तो करायचा. गल्लीतली बंद पडलेली घड्याळं अजून त्यांच्याकडेच यायची.

निवासी केंद्र त्यांनी एकदाच पाहिलं होतं, तिथे हलवलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला भेटायला गेले तेव्हा. जागा स्वच्छ होती, माणसं बरी होती, खिडकीतून झाडं दिसत होती. पण जेवणाच्या दालनातलं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. त्यांनी तिथल्या माणसाला तसं सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "चार मिनिटांनी इथे कुणाचं काय अडतंय, आजोबा?" घड्याळजींना त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.

तर तालीम सुरू झाली. अक्का रोज चारला उतरायची, तपासनीस व्हायची आणि पलंगासमोर वही घेऊन बसायची. पहिल्या दिवशी शर्टाला नऊ मिनिटं लागली. दोघंही खूश झाली. पाच ते दहाच्या आत म्हणजे न शिकवताच पास. पण अक्काला न शिकवता पास झालेला विद्यार्थी कधीच आवडला नव्हता. "पुन्हा," ती म्हणाली. मग पुन्हा. मग रोज सहा वेळा.

आता रोज सहा वेळा शर्ट घातल्यावर जे व्हायचं तेच झालं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी नवाचे सात झाले. दुसऱ्या आठवड्यात सहा. तिसऱ्या सोमवारी घड्याळजींनी शेवटचं बटण लावलं, मान वर केली आणि त्यांचा चेहरा पडला.

"अक्का, चार मिनिटंसुद्धा नाही झाली."

"अरे देवा. सुधारलास की काय?"

"तूच सुधारवलंस."

रोजच्या व्यायामाने जे चार वर्षांत झालं नाही ते अक्काने तीन आठवड्यांत केलं होतं, आणि नेमकं नको तेव्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठ बाईंना ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, लोक पाहणीच्या आधी महिनाभर पडून राहतात. तुम्ही कसरत केलीत?"

"मी काय मुद्दाम केली?"

"मग आता हळू करा."

"किती हळू?"

या प्रश्नाचं उत्तर घड्याळजींनी स्वतःच शोधलं. पाच आणि दहा यांच्या बरोबर मध्ये काय येतं? साडेसात. मग साडेसात. तिसऱ्या बटणापाशी थांबायचं, मनात सेकंद मोजायचे, मग चौथं. चाळीस वर्षं घड्याळांच्या टिकटिकीत बसलेल्या माणसाला मनात सेकंद मोजणं म्हणजे श्वास घेण्यासारखं. खुर्चीत बसतानाही तेच, चहालाही तेच. अक्काला मात्र हे अभिनयात कमी वाटत होतं.

"जरा कण्ह की रे मध्येमध्ये."

"कण्हायला किती सेकंद धरू?"

"कण्हायचं मनातून असतं!"

"मग नको. मनात मी मोजतोय."

बुधवार आला. पावणेआठ बाईंनी सगळं उरकलं आणि त्या दिवशी पुढच्या घरून सुटी मागून घेऊन अकराला परत आल्या. अक्का ठेवणीतली चादर घेऊन उतरली आणि ती पलंगावर घालायला निघाली, तेव्हा बाईंनी तिला अडवलं. "आजी, गरजू दिसायचंय."

"गरजू माणसाने मळक्या चादरीवर बसायचं असं कुठे छापलंय? मागच्या बाजूला सुद्धा नाही."

चादर घातली गेली.

तपासनीस बाई अकरा वाजून दोन मिनिटांनी आल्या. तिशीच्या असतील. खांद्याला जड पिशवी, नाक सर्दीने लाल, हातात फोन. चपला दाराशी काढून त्या स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या सवडीने करा. मी फोनवर वेळ लावते, एवढंच. मध्ये कुणी हात लावायचा नाही."

शर्ट पलंगाच्या कडेला होता. घड्याळजींनी तो घातला. डावी बाही, मान, उजवी बाही, पहिलं बटण, दुसरं, तिसरं. इथे त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि एक निःश्वास टाकला, जो अक्काच्या मते फारच उत्तम होता. मग चौथं, पाचवं. तपासनीस बाईंनी फोनवर बोट टेकवलं. मग पलंगावरून खुर्चीत. मग ओट्याशी जाऊन चहा. चहाच्या वेळी पाणी लवकर उकळलं, तेव्हा घड्याळजींनी साखरेचा डबा दोनदा उघडून पाहिला, आणि बरोबर वेळेवर कप तपासनीस बाईंच्या पुढे ठेवला.

त्यांनी चहाचा घोट घेतला. फोनकडे पाहिलं. मग आणखी एकदा पाहिलं.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी काय करत होता?"

"घड्याळं दुरुस्त करत होतो. अजून करतो."

"वाटलंच." त्यांनी फोन घड्याळजींच्या समोर धरला. "शर्ट सात मिनिटं तीस सेकंद. खुर्ची सात मिनिटं तीस सेकंद. चहा सात मिनिटं तीस सेकंद. मी सहा वर्षं हे काम करते. शर्ट आणि चहा यांना सारखा वेळ लागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आजारी नाही आणि धडधाकट तर नाहीच नाही."

घड्याळजींनी टेबलावरच्या पाच घड्याळांकडे पाहिलं.

अक्का पुढे सरसावली. "अहो, त्याला काही येत नाही! सगळं मी शिकवलंय."

"आजी, तुम्ही हे मला सांगायला नको होतं," तपासनीस बाई नाक पुसत म्हणाल्या. रागावलेल्या मात्र दिसत नव्हत्या. "लोक काय काय करतात. परवा एक आजी बेशुद्ध पडल्या. मी धावत पाणी आणायला गेले, तर त्यांनीच पडल्यापडल्या सांगितलं, की माठ डाव्या हाताला आहे. पण साडेसातचा मधला काटा धरून बसलेलं मी कुणी पाहिलं नव्हतं. मागची बाजू वाचलीत ना तुम्ही?"

"वाचली," घड्याळजी म्हणाले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. खोटी वेळ दाखवताना ते आयुष्यात पहिल्यांदा पकडले गेले होते, आणि तेही तीनदा. "सात मिनिटं वीस, आठ मिनिटं दहा असं काहीतरी करायला हवं होतं. डोक्यातच आलं नाही. मला मध्य म्हटलं की मध्यच कळतो."

"हे तिन्ही आकडे मी फॉर्मवर घेऊ शकत नाही. एकच काम पुन्हा बघते, शर्ट. पण हा नको. कपाटातला काढून घाला. आणि काका, मोजू नका."

घड्याळजी अंगातला शर्ट उतरवून, खुर्ची फिरवून कपाटाशी गेले. कपाट उघडलं, उजव्या हाताने धुतलेला शर्ट ओढला. तो हँगरसकट आला. हँगर काढायला दोन हात लागतात हे त्यांना त्या क्षणी कळलं, कारण चार वर्षांत त्यांनी हँगर काढलेलाच नव्हता. तो त्यांनी गुडघ्यात धरून काढला. मग डावी बाही. ती सरळ होती, लांब आणि मिटलेली, आणि तिचं तोंड कुठे आहे ते सापडेना. हात त्यात घालायचा तर बाही धरायची कुणी? त्यांनी दात लावले. बाही आली, हात घसरला. पुन्हा लावले. शर्ट मांडीवरून खाली पडला. तो उचलायला ते पुढे झाले तर खुर्ची सरकली आणि चाक कॉलरवर चढलं. चाक मागे घ्यावं तर बाही त्यात अडकलेली.

अक्काने डोळे मिटून घेतले होते. पावणेआठ बाई दोन पावलं पुढे आल्या आणि स्वतःचाच हात स्वतःच्या हाताने धरून थांबल्या.

"अरे, काय माणूस आहेस का कोण आहेस तू!" घड्याळजी शर्टाला म्हणाले.

शेवटी तो अंगात गेला. बटणं एक घर चुकली होती, ती पुन्हा काढून लावली. कॉलरवर चाकाचा काळा पट्टा होता. ते मागे रेलले. कपाळ घामाने भिजलं होतं.

"किती झाली असतील?" तपासनीस बाईंनी विचारलं.

घड्याळजींनी तोंड उघडलं आणि थांबले. त्यांना माहीत नव्हतं. पोरवयात दुकानात बसले त्या दिवसापासून त्यांना कुणी वेळ विचारली आणि ती माहीत नाही, असं झालं नव्हतं. "आठ?" ते म्हणाले. "नऊ?"

"सतरा."

अक्का पलंगाच्या कडेला टेकली. ठेवणीतल्या चादरीला सुरकुती पडली, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. सतरा म्हणजे काय ते तिघांनाही पाठ होतं. सतरा म्हणजे खिडकीतून झाडं, आणि जेवणाच्या दालनात चार मिनिटं मागे.

"पण सोमवारी चार झाली होती," घड्याळजी हळूच म्हणाले. "तेव्हा खरंच चार झाली होती. मग आज काय झालं?"

"मी सांगू?" पावणेआठ बाई म्हणाल्या. "मॅडम, बोलू का मी?"

"बोला."

"तालीम चारला व्हायची. पण शर्ट मी सकाळीच लावून जायचे. तिथे, पलंगाच्या कडेला. डावी बाही अर्धी उलटी करून, तोंड वर. खालची दोन बटणं आधीच लावून. डोक्यावरून काढला की तो पुन्हा तसाच निघतो. आणि खुर्ची भिंतीला तिरकी, ब्रेक लावून, म्हणजे सरकत नाही. चहाचा कप ओट्याच्या कडेपासून वीतभर आत. हे मी रोजच करते. काकांना सांगितलं नाही कधी. सांगण्यासारखं काय त्यात?"

घड्याळजींनी पावणेआठ बाईंकडे पाहिलं. "बाही उलटी असायची?"

"अर्धी."

"चार वर्षं?"

"पहिल्या आठवड्यात नव्हती. तेव्हा तुम्ही मला शिव्या घातल्या होत्या. तेव्हापासून."

तपासनीस बाई उठल्या. "लावून दाखवा. त्यांना हात लावायचा नाही, फक्त लावून बाजूला व्हा."

पावणेआठ बाईंनी कपाटातून दुसरा शर्ट काढला, हँगर ओट्यावर टाकला, बाही अर्धी उलटवली, दोन बटणं लावली, शर्ट पलंगाच्या कडेला टाकला, खुर्ची तिरकी करून ब्रेक दाबला आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. सगळं मिळून अर्धा मिनिटही गेलं नसेल. घड्याळजींनी अंगातला शर्ट उतरवला आणि दुसरा घातला. या वेळीही ते मोजत नव्हते, ते बाहीकडे बघत होते. हात तिच्या तोंडाशी नेला आणि ती नेहमीसारखी आपणहून वर आली. ती आपणहून येत नव्हती, हे कळायला त्यांना चार वर्षं आणि एक सरकारी पत्र लागलं होतं.

"तीन मिनिटं चाळीस," तपासनीस बाई म्हणाल्या आणि पुन्हा स्टुलावर बसल्या. "म्हणजे बघा काका. या बाई नसल्या तर तुम्ही निवासी, बाई असल्या तर तुम्ही स्वावलंबी. ज्या मधल्या खान्यासाठी तुम्ही तीन आठवडे घाम गाळलात, त्यात तुम्ही कधी नव्हताच."

"मग आता?" अक्काने विचारलं.

"फॉर्मला एकच आकडा लागतो. सतरा लिहिले तर गाडी येईल. तीन-चाळीस लिहिले तर बाई जातील."

"पण दोन्ही खरे आहेत," घड्याळजी म्हणाले. "साडेसात खोटे होते, त्याची मी माफी मागतो. हे दोन मात्र खरे आहेत."

"मला दिसलं ते." तपासनीस बाईंनी फॉर्म उलटवला, बोट फिरवत खाली खाली गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या. "हे बघा. 'एकच काम एकाहून अधिक वेळा पाहिल्यास सरासरी घ्यावी.' घेते सरासरी."

अक्का आणि पावणेआठ बाई यांनी एकमेकींकडे पाहिलं. सरासरी म्हणजे मधोमध. मधोमध म्हणजे वाचलो. दोघींच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात घड्याळजींनी डोक्यातल्या डोक्यात बेरीज करून निम्मे केले आणि मोठ्याने सांगूनही टाकलं.

"दहा मिनिटं वीस सेकंद."

हसू होतं तिथेच थांबलं. मागच्या बाजूला स्पष्ट छापलं होतं: दहा मिनिटांहून जास्त.

"तुला कुणी विचारलं होतं?" अक्का किंचाळली. "कुणी विचारलं होतं तुला? त्यांनी केली असती ना बेरीज, चुकल्या असत्या एखादवेळेस!"

"वीस सेकंद कसे चुकतील? मोठे असतात ते."

"तुझ्या सेकंदांना आग लागो!"

तपासनीस बाई एवढ्या वेळात पहिल्यांदा हसल्या, आणि त्या हसण्यात शिंकल्या. मग पेनाचं टोपण काढून त्यांनी फॉर्मवर आकडा लिहिला आणि फॉर्म घड्याळजींसमोर ठेवला. वेळेच्या चौकोनात लिहिलं होतं: दहा.

"दहा?" घड्याळजी म्हणाले.

"वेळ पूर्ण मिनिटांत लिहायची असते. वीस सेकंद अर्ध्या मिनिटाहून कमी, म्हणून सोडायचे. दहा म्हणजे दहाहून जास्त नाही. मदत चालू. आणि शेऱ्यात मी बाहीचं लिहिलंय. वर बसलेल्या साहेबांनी वाचलं तर वाचलं. इथे सही करा."

घड्याळजींनी पेन हातात घेतलं. सही केली नाही.

"काय झालं आता?" अक्काने विचारलं.

"वीस सेकंद सोडायचे?"

"हो."

"नुसते सोडून द्यायचे? गेले कुठे ते?"

"काका," पावणेआठ बाई म्हणाल्या, "मला बाराला एका घरी जायचंय."

"अहो पण एका दिवसात वीस सेकंद म्हणजे महिन्यात दहा मिनिटं. असं घड्याळ कुणी माझ्याकडून घेऊन गेलं असतं तर मी त्याच्या मागे धावलो असतो. म्हणजे, तेव्हा धावलो असतो."

तपासनीस बाईंनी थंड झालेला चहा शांतपणे संपवून कप खाली ठेवला. अक्का काही बोलायला निघाली, पण पावणेआठ बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. त्या चार वर्षं या माणसाला शर्ट घालायला लावत होत्या. कुठे घाई करायची नाही ते त्यांना माहीत होतं. त्यांनी फक्त फॉर्म थोडा डावीकडे सरकवला, तिरका केला, आणि सरकू नये म्हणून त्याच्या वरच्या कडेवर रिकामा कप ठेवला.

घड्याळजींनी ते पाहिलं. कप पाहिला, फॉर्मचा तिरकेपणा पाहिला. या वेळी त्यांच्या नजरेतून काही सुटलं नाही.

"असं असतं होय तुमचं," ते म्हणाले, आणि सही केली.